पदवी न देणाऱ्या डिझाइन स्कूलला आयुष्यातलं एक वर्ष द्यावं का?

इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही डोंबिवलीच्या, वय सत्तावीस, उपयोजित कलेची पदवी, चार वर्षं अंधेरीतल्या एका कंपनीत अ‍ॅपचे स्क्रीन डिझाइन करताय. एका स्वतंत्र संस्थेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तुमची निवड झाली आहे. विषय इंटरॅक्शन आणि सर्व्हिस डिझाइन, म्हणजे माणसाचा यंत्राशी-सॉफ्टवेअरशी होणारा व्यवहार आणि एखादी अख्खी सेवा कशी चालावी ते आखणं. मुदत एक वर्ष, पूर्णवेळ. संस्था कुठल्याच विद्यापीठाशी संलग्न नाही, त्यामुळे शेवटी हातात प्रमाणपत्र पडेल, पदवी नाही. फी तुमच्या जवळजवळ दीड वर्षाच्या पगाराएवढी. घरचे म्हणतात, एवढे पैसे घालायचे तर निदान पदवी तरी मिळायला हवी, त्यापेक्षा आयडीसीची, म्हणजे आयआयटी मुंबईच्या डिझाइन स्कूलची, प्रवेश परीक्षा दे. आणि तुम्ही विचारताय की या कोर्सला काही किंमत आहे का.

मी वीसेक वर्षं मुंबईत सर्व्हिस डिझाइनचं काम करते. बँका, विमा, दवाखाने अशी क्षेत्रं. टीमसाठी माणसं निवडते आणि अधूनमधून शिकवायलाही जाते. तुमच्या प्रश्नात मला दोन प्रश्न दिसतात. एक, त्या कागदाला उद्या कोण विचारणार? दुसरा, त्या वर्षात मला असं काय येईल जे नोकरीत राहून येणार नाही? घरच्यांना पहिल्याची काळजी आहे. तुमची अडचण दुसऱ्यात आहे, असं मला तुमच्याच एका वाक्यावरून वाटतं: ‘दिलेला स्क्रीन मी चांगला करते, पण तो स्क्रीन हवा की नको हे ठरतं तेव्हा मला कोणी बोलावत नाही.’ हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्याशीच जोडलेलं आहे.

कागदाचं आधी उरकते. भारतात पदवी कोण देऊ शकतं हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातलं कलम २२ ठरवतं. कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्था, एवढ्यांनाच तो हक्क आहे. बाकी कोणी कितीही उत्तम शिकवलं तरी पदवी देता येत नाही. त्यामुळे पदवी नाही एवढ्यावरून संस्थेच्या दर्जाबद्दल काहीच ठरत नाही. अहमदाबादची एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) १९६१ सालची, पण २०१४ चा कायदा होऊन ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था होईपर्यंत तीही पदविकाच देत होती. या देशातल्या नावाजलेल्या डिझायनरांच्या कितीतरी बॅचेस पदविकेवर उभ्या राहिल्या. बाबांना हे जरूर सांगा.

पण त्याच बैठकीत हेही सांगा की काही ठिकाणी पदवीवाचून अडतं. विद्यापीठात कायमची प्राध्यापकी हवी असेल, पीएचडी करायची असेल, सरकारी उपक्रमात जागा हवी असेल, तर बहुधा मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदवी मागतात. परदेशी जायचं मनात असेल तर व्हिसाचे नियम आधी वाचा. उदाहरणार्थ, ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर थांबून काम करण्याचा ग्रॅज्युएट व्हिसा तिथल्या पात्र अभ्यासक्रमाशी बांधलेला आहे, कुठल्याही प्रमाणपत्रावर तो मिळत नाही. खाजगी क्षेत्रात मात्र चित्र वेगळं आहे. मोठ्या कंपन्यांच्या एचआरला पदवीची एक चौकट भरायची असते, ती तुमच्या उपयोजित कलेच्या पदवीने भरतेच. पुढची निवड पोर्टफोलिओवर आणि त्यावर झालेल्या बोलण्यावर होते. माझ्याकडे अर्ज येतो तेव्हा शिक्षणाचा रकाना मी सगळ्यात शेवटी वाचते. तेव्हा येत्या दहा वर्षांत शिकवायचं किंवा परदेशी स्थायिक व्हायचं तुमच्या डोक्यात आहे का, याचं उत्तर स्वतःला प्रामाणिकपणे द्या. ‘नाही’ असेल तर पदवीचा मुद्दा इथेच बाजूला ठेवता येईल.

आता दुसरा प्रश्न. त्यासाठी अशा स्वतंत्र शाळा निघाल्याच का, हे थोडं समजून घ्यायला हवं.

इंटरॅक्शन डिझाइन हे नाव १९८० च्या दशकात बिल मॉग्रिज आणि बिल वेरप्लँक यांनी रूढ केलं. मॉग्रिज हे वस्तूंचे डिझायनर. घडी घालता येणाऱ्या सुरुवातीच्या लॅपटॉपपैकी एक, ग्रिड कंपास, त्यांनी घडवला. तो स्वतः वापरायला घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं की झाकण, बिजागरी, कीबोर्ड हे सगळं काही मिनिटांत विसरायला होतं आणि आपण पडद्याआतल्या सॉफ्टवेअरशीच बोलत बसतो. मग त्या बोलण्याचं डिझाइन कोणी करायचं? इंजिनिअरला माणसाच्या सवयींचं शिक्षण नव्हतं, आर्ट स्कूलवाल्याला कोडचं नव्हतं. विद्यापीठांतले विभाग असेच वेगवेगळ्या इमारतींत बसलेले असतात. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गिलियन क्रॅम्प्टन स्मिथ यांनी ही मंडळी एका स्टुडिओत आणली, आणि पुढे २००१ मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली उत्तर इटलीत इव्रेआ इथे स्वतंत्र संस्था उभी राहिली. इव्रेआ म्हणजे ओलिवेत्ती टाइपरायटरचं गाव. पैसा टेलिकॉम इटालिया आणि ओलिवेत्तीचा होता.

त्या छोट्याशा शाळेतून काय बाहेर पडलं? विद्यार्थ्यांना प्रोटोटाइप, म्हणजे चालणारा कच्चा नमुना, करायला सोपा आणि स्वस्त इलेक्ट्रॉनिक बोर्ड हवा होता. हर्नांडो बारागान या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी वायरिंग नावाची प्रणाली केली, आणि त्याच वाटेने २००५ मध्ये आर्डुइनो हा बोर्ड आला. आज लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मागा, काउंटरखालून काढून देतात. शाळेतली गरज होती, शाळेतच भागवली आणि जगभर गेली. विभाग आणि अभ्यासमंडळं मध्ये नसली की असं होऊ शकतं. इव्रेआत शिकवलेल्या लोकांपैकी काहींनी २००६ मध्ये कोपनहेगनला सीआयआयडी ही इंटरॅक्शन डिझाइनची संस्था सुरू केली. तिथे शाळा, सल्लागार स्टुडिओ आणि संशोधन एकाच छपराखाली होतं आणि वर्षभराचा पूर्णवेळ अभ्यासक्रम चालायचा. तुमची संस्था कमी-अधिक याच घडणीची दिसते.

या घडणीत शिकवण्याची पद्धतच वेगळी असते. दोन-तीन आठवड्यांचा एकेक विषय, शिकवणारा प्रत्यक्ष धंद्यात काम करणारा, बॅचमध्ये इंजिनिअर, आर्किटेक्ट, मानसशास्त्र शिकलेला, एखादा पत्रकार, आणि शेवटी काही महिन्यांचा स्वतःचा प्रकल्प. व्याख्यानं कमी. सकाळी काम मिळतं, आठवड्याच्या शेवटी ते सगळ्यांसमोर मांडायचं.

कोरडं वाटेल, म्हणून एक उदाहरण जवळून दाखवते. एका बॅचला मी लोकलच्या मोबाइल तिकिटाचा विषय दिला होता. यूटीएस अ‍ॅपवर पेपरलेस तिकीट रुळांच्या अगदी जवळ उभं राहून काढता येत नसे. जीपीएस बघून अ‍ॅप नकार द्यायचं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी तेच सुचवलं जे तुम्ही-मी टेबलाशी बसून सुचवू: नकाराचा संदेश सोप्या भाषेत लिहा, नकाशा दाखवा, बाण दाखवा. मग त्यांना दादर पश्चिमेला पाठवलं, फुलबाजाराच्या अंगाने, संध्याकाळच्या गर्दीत. तिथे त्यांना दिसला मोबाइलकडे बघत एकेक पाऊल मागे सरकणारा माणूस. गर्दी त्याला आत ढकलतेय आणि अ‍ॅप बाहेर जायला सांगतंय. तो मध्येच फोन वर धरतो, पुन्हा बघतो. शेजारून पासवाले सरळ निघून जातात, त्यांना या नियमाची गंधवार्ता नाही. म्हणजे अडकणारा माणूस बहुतेक वेळा कधीतरी प्रवास करणारा, म्हणजे ज्याला अ‍ॅपची सवयच नाही तो.

मग प्रश्न आला, हा नियम मुळात आहे कशासाठी? आपल्या लोकलच्या स्टेशनांना मेट्रोसारखी फाटकं नाहीत. कोणीही आत येऊ शकतो. तेव्हा टीसी दिसल्यावर खिशातून फोन काढून तिकीट काढायची सोय ठेवली तर तिकीट काढणारच कोण? म्हणजे त्या स्क्रीनवरच्या नकारामागे टीसी आहे, फाटक नसलेलं स्टेशन आहे, पुलाखाली भरकटणारं जीपीएस आहे. हे कळल्यावर एका गटाने अ‍ॅपला हातच लावला नाही. जिन्याच्या बऱ्याच आधी, एका दुकानदाराला विचारून, त्याच्या शटरशेजारी पुठ्ठ्याची पाटी लावली: ‘मोबाइलवर तिकीट काढायचंय? इथेच काढा, पुढे निघत नाही.’ आणि बाजूला उभं राहून बघत बसले. माणसं थांबत होती, फोन काढत होती. काही जण पाटी वाचून दुकानदारालाच प्रश्न विचारू लागले आणि तो वैतागला, तर त्याच्यावर पडलेलं हे नवं काम कोणी करायचं, यावर पुढचे दोन दिवस वाद झाला. माझ्या मते त्या आठवड्यातलं सगळ्यात मोलाचं शिक्षण त्या वादात होतं. सेवा बदलली की कुणाच्या तरी डोक्यावर काम वाढतं, आणि तो माणूस आपल्या स्क्रीनवर कधीच नसतो.

हे सर्व्हिस डिझाइन. लिन शोस्टॅक यांनी १९८४ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये सर्व्हिस ब्लूप्रिंटची कल्पना मांडली, तेव्हा मुद्दा हाच होता की ग्राहकाला दिसतं ते आणि त्याच्या नजरेआड चालतं ते, दोन्ही एकाच कागदावर आखा. आता पालिकेच्या एखाद्या रुग्णालयाची ओपीडी डोळ्यांसमोर आणा. केसपेपरची खिडकी, आत डॉक्टर, औषधांची खिडकी असा क्रम कागदावर सोपा दिसतो. प्रत्यक्षात नवख्या नातेवाईकाला रस्ता दाखवतो तो गेटवरचा सिक्युरिटीवाला. तो नेमणुकीच्या कागदात फक्त सुरक्षा रक्षक असतो आणि दिवसभर चौकशी खिडकी चालवत असतो. ब्लूप्रिंटमध्ये त्याला जागा देणं, त्याला योग्य माहिती आणि थोडा मान मिळेल अशी व्यवस्था आखणं, हे आमचं काम. मुंबईसारखं शहर या विषयाला दुसरं नाही असं मला मनापासून वाटतं. इथे प्रत्येक सेवा एवढ्या गर्दीतून आणि एवढ्या भाषांमधून जाते की अर्धवट विचार लगेच उघडा पडतो.

आता तुमच्या वाक्याकडे येते. स्क्रीन हवा की नको हे ठरवताना तुम्हाला बोलावत नाहीत, याचं एक कारण कंपनीची उतरंड असेल. ती कोर्सने बदलणार नाही. दुसरं कारण असं असू शकतं की स्क्रीनच्या अलीकडचं-पलीकडचं बघण्याचा, ते कागदावर मांडण्याचा आणि न रुचणाऱ्या लोकांसमोर त्याची बाजू घेण्याचा सराव तुम्हाला झालेला नाही. तो सराव नोकरीत मिळणं अवघड असतं, कारण तिथे काम तुमच्यापर्यंत येतं तेव्हा निर्णय होऊन गेलेला असतो आणि चुकीचा प्रयोग करायला वेळ कोणी देत नाही. पूर्णवेळ वर्ष हे त्याचं उत्तम औषध आहे. फिग्मा (स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर) अजून चांगलं यावं, अ‍ॅनिमेशन यावं, एआयची साधनं यावीत एवढंच हवं असेल तर मात्र एवढे पैसे घालू नका. ते संध्याकाळच्या दोन तासांत आणि शनिवार-रविवारी येतं.

म्हणजे इथवरचा हिशेब असा: शिकवण्याचं किंवा परदेशाचं मनात असेल तर पदवीचा रस्ता धरा, साधनं शिकायची असतील तर नोकरीतच राहा, आणि काय करायचं हे ठरवणाऱ्यांत बसायचं असेल तर अशा शाळेचा गंभीरपणे विचार करा. पण ‘अशी शाळा’ म्हणजे जाहिरातीत तशी असलेली नव्हे, खरोखर तशी असलेली.

ते तपासायचं कसं? स्वतंत्र संस्थेची ताकद आणि धोका एकाच ठिकाणी असतो: त्या वर्षी त्या खोलीत कोण आहे यावर सगळं अवलंबून. विद्यापीठाची इमारत, ग्रंथालय, नाव हे एखाद्या कमकुवत वर्षालाही सावरून घेतं, इथे तसं सावरणारं कोणी नसतं. म्हणून येत्या वर्षी कोण शिकवणार आणि प्रत्येक जण प्रत्यक्ष किती दिवस स्टुडिओत असणार, हे लेखी मागा. वेबसाइटवर फोटो असलेले नामवंत कधी कधी एका संध्याकाळच्या भाषणापुरते येतात. पूर्णवेळ असणारे दोघं-तिघं कोण आहेत ते बघा, कारण तुम्ही अडकाल तेव्हा तेच समोर असतील. बॅच किती जणांची आणि कुठल्या कुठल्या शिक्षणाची, हेही विचारा. सगळेच यूआय, म्हणजे स्क्रीनचे, डिझायनर असतील तर निम्मं शिक्षण आधीच गेलं.

मग माजी विद्यार्थ्यांशी बोला. संस्थेने दिलेल्या नावांशी बोला, आणि स्वतः शोधलेल्यांशीही. नुकत्याच बाहेर पडलेल्यांपेक्षा तीन-चार वर्षं झालेले जास्त उपयोगी. ‘कोर्स कसा होता’ असं विचारू नका, सगळे छानच सांगतात. ‘तुझा कुठला प्रकल्प फसला आणि तेव्हा शिक्षक काय म्हणाले’ हे विचारा. याचं उत्तर तपशिलात मिळालं तर ती शाळा खरी. शक्य असेल तर एखाद्या आठवड्याअखेरच्या सादरीकरणाला मागे बसू देतात का बघा. तिथे सगळं ‘सुंदर, सुंदर’ चाललं असेल तर परत या. भिंतीवर पेन्सिलची रेखाटनं, पुठ्ठे, वायरी आणि माणसांच्या मुलाखतींच्या नोंदी दिसल्या तर थांबून बघा.

प्लेसमेंटबद्दल मी फार विचारणार नाही. या धंद्यात नोकऱ्या ओळखीने आणि दाखवलेल्या कामाने मिळतात. पण संस्थेच्या स्थैर्याबद्दल जरूर विचारा. इव्रेआसारखी शाळासुद्धा काही वर्षांतच, २००५ मध्ये, मिलानच्या डोमस अकादमीत विलीन झाली, कारण पैसा देणाऱ्यांचा आधार आटला की स्वतंत्र संस्थेला दुसरी जमीन नसते. त्यामुळे फी एकरकमी भरू नका, हप्ते मागा, आणि वर्षाच्या मध्यात अभ्यासक्रम बंद पडला किंवा तुम्हाला सोडावा लागला तर परतावा किती, हे करारात असलं पाहिजे.

आयडीसीबद्दल घरच्यांचं म्हणणं चुकीचं अजिबात नाही. पवईची आयडीसी १९६९ पासून आहे, तिथे इंटरॅक्शन डिझाइनमध्ये एम.डेस. ही पदव्युत्तर पदवी करता येते, आणि तिथल्या संशोधनाची शिस्त फार चांगली आहे. प्रवेश सीईईडी परीक्षेतून, दोन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि फी खाजगी संस्थेपेक्षा बरीच कमी. एनआयडीचा याच विषयाचा अभ्यासक्रम बंगळुरू कॅम्पसवर आहे. जागा मोजक्या असल्यामुळे तयारीचं वर्ष धरून तीन वर्षांचा विचार करावा लागतो. संशोधनाची ओढ असेल, घरून डोंबिवली-पवई जमत असेल किंवा हॉस्टेल मिळणार असेल, तर मीही तुम्हाला तिकडेच पाठवीन. तुम्ही कामाला लागून चार वर्षं झालीत आणि तुमची भूक संशोधनापेक्षा प्रत्यक्ष करून बघण्याची वाटते, म्हणून माझा कल एक वर्षाकडे झुकतो. पण तो कल आहे, तुम्हाला न भेटता यापेक्षा ठाम बोलणं बरं नव्हे.

पैशाचं स्पष्ट बोलते. शैक्षणिक कर्ज देताना बँका संस्थेची मान्यता बघतात, आणि विद्यापीठाशी संलग्न नसलेल्या संस्थेला सहसा तिथेच अडतं. मग लोक पर्सनल लोन घेतात. त्याचा व्याजदर चढा, हप्ता लगेच सुरू, म्हणजे शिकत असताना पगार नाही आणि ईएमआय आहे. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची करसवलतही त्याला नाही (आणि ती मुळात जुन्या करपद्धतीतच मिळते). पर्सनल लोन काढून हा कोर्स करू नका, एवढं मात्र मी अगदी ठाम सांगेन. फी आणि वर्षाचा घरखर्च यातला मोठा वाटा साठवलेला असेल, किंवा संस्था शिष्यवृत्ती देत असेल, तरच जा. नसेल तर संस्थेला विचारा की निवड एक वर्ष पुढे ढकलता येईल का. चांगल्या शाळा याला बहुधा नाही म्हणत नाहीत, कारण त्यांनाही पैशाच्या चिंतेत बुडालेला विद्यार्थी नको असतो.

फी भरायच्या आधी एक काम कराच. तुमच्या रोजच्या वाटेवरची एक सेवा निवडा. डोंबिवलीचा शेअर रिक्षा स्टँड घ्या, किंवा सोसायटीच्या पुनर्विकासात ज्येष्ठ रहिवाशांकडून सह्या कशा घेतल्या जातात ते घ्या. महिनाभर ती बघा, संबंधित माणसांशी बोला, दिसणारं आणि न दिसणारं एका मोठ्या कागदावर आखा, आणि एक छोटा बदल पुठ्ठ्यावर करून खऱ्या माणसांसमोर ठेवा. अ‍ॅप नको. हे करताना रात्री बाराला कागद आवरावासा वाटला नाही तर हा विषय तुमचा आहे. कंटाळा आला, कधी एकदा फिग्मा उघडतेय असं झालं, तर उत्तम स्क्रीन डिझायनर होणं हेही मोठं काम आहे, त्यात पुढे जा आणि पैसे वाचवा.

राजीनामा संस्थेची लेखी उत्तरं हातात आल्यावरच द्या. आधी मॅनेजरना बिनपगारी रजेचं विचारून बघा, काही कंपन्या वर्षभरासाठी जागा राखतात. संस्थेकडून शिक्षकांचं वेळापत्रक आणि परताव्याची अट आली की ती इथे, नावं काढून, टाका. मी वाचून काय वाटतं ते लिहीन, आणि इथे या क्षेत्रातले आणखी दोघं-तिघं आहेत, तेही सांगतील.